पंधरा रजा, तीस फेऱ्या

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखानदार, कार्मिक व्यवस्थापक आणि मजूर ठेकेदार यांस,



ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्या माणसांना होणारा मेंदूचा सर्वांत आक्रमक कर्करोग. त्याच्या उपचाराचे वेळापत्रक 2005 पासून जगभर जवळपास एकच आहे. आधी शस्त्रक्रिया करून जमेल तेवढी गाठ काढायची. जखम भरली की साधारण महिन्याभराने किरणोपचार सुरू करायचे. वॉर्डात त्याला कुणी ‘लाइट’ म्हणतात, कुणी ‘शेक’. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस वेळा. त्या काळात रोज टेमोझोलोमाइडची कॅप्सूल. मग महिनाभर थांबून पुढे सहा महिने तीच कॅप्सूल वाढीव मात्रेत, दर 28 दिवसांतले पाच दिवस. रुग्ण फार वयस्कर असेल तर किरणोपचार निम्म्या फेऱ्यांत आटोपतात. बाकीच्यांना तीस फेऱ्या चुकत नाहीत.

आता दुसरा हिशेब, तो आपल्या टाइम ऑफिसातला. कारखाने अधिनियम 1948 चा असो की नवी कामगार संहिता, पगारी रजेचे गणित बदललेले नाही: वीस दिवस कामाला एक दिवस रजा. वर्षात तीनशे दिवस हजेरी लावणाऱ्या कामगाराच्या खात्यावर पंधरा रजा जमतात. त्याही गणपती, गावची जत्रा, मुलांचे आजारपण यांतून शिल्लक राहिल्या तर. बायकोला शेक तीस दिवस आणि नवऱ्याला रजा पंधरा. उरलेले पंधरा दिवस कुठून आणायचे, हा प्रश्न बोईसर, पास्थळ, सालवड, कोलवडे या भागातल्या कुणाही कामगाराच्या घरी उभा राहू शकतो. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

शेक म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहायला हवे. पहिल्या दिवशी थर्मोप्लास्टिकची जाळीदार पाटी गरम पाण्यात मऊ करतात आणि उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर पसरतात. काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते. तोच मुखवटा मग रोज चढवायचा आणि डोके टेबलाला जखडायचे, कारण किरण ठरल्या जागेवरून सरकून चालत नाहीत. प्रत्यक्ष किरणांचे काम काही मिनिटांचे. पेशंट बाहेर येते तेव्हा कपाळावर आणि गालांवर जाळीचे ठसे उमटलेले असतात, डोळे चुरचुरत असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केस पुंजक्यांनी गळतात आणि थकवा असा येतो की जिना चढताना दर पायरीवर थांबावे लागते. हे रोज. आणि दर वेळी बाहेर बाकावर फाइल, एमआरआयची सीडी, पाण्याची बाटली आणि उलटीसाठी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कुणीतरी बसलेले असावेच लागते. फीट येऊ शकणाऱ्या माणसाला एकटे सोडता येत नाही.

बोईसर ते चर्चगेट अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठणे जरा सोपे झाले. तरी विरारला गाडी बदला, दादरला उतरा, टॅक्सी धरा, रांगेत नंबर लावा आणि संध्याकाळच्या गर्दीत परत या, असा सगळा दिवस जातो. अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना मुभा आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला भाड्यात मोठी सवलत आहे. ज्यांना जागा मिळते ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात राहतात. या संस्थांचे उपकार पालघर जिल्ह्यावर फार आहेत. पण मुंबईत मुक्काम करायचा तर कामावर खाडा, आणि बोईसरला राहायचे तर रोजचा हा प्रवास. रेल्वेने तिकिटात सोबत्याचा विचार केला. कारखान्याच्या हजेरीपत्रकात तो अजून झालेला नाही.

शेक संपला की आजार घरी येतो, आणि मेंदूचा कर्करोग इतर कर्करोगांहून वेगळा आहे हे कळायला लागते ते तिथे. गाठ उजव्या बाजूला मागच्या भागात असेल तर डावीकडचे अर्धे जगच रुग्णाच्या जाणिवेतून निघून जाते. ताटाची उजवी बाजू रिकामी होते, डावीकडची भाकरी आणि सुकटीची चटणी तशीच राहते. ‘जेवले मी’ म्हणून बाई हात धुवायला उठते. ज्याला हे कळले आहे तो नवरा काही न बोलता ताट फिरवून ठेवतो, आणि ती पुन्हा बसून जेवू लागते. गाठ डावीकडे असेल तर शब्द हरवतात. हवे असते पाणी, तोंडून निघते ‘चावी’, आणि आपण चुकीचा शब्द बोललो हे तिला कळत असते, म्हणून ती रडते. गाठ पुढे, कपाळामागे असेल तर स्वभावच फिरतो. आयुष्यभर मवाळ असलेला माणूस शिवीगाळ करतो, किंवा कशातच रस न घेता दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. शेजारी म्हणतात, आजाराने चिडचिडा झाला. बायकोला मात्र रोज स्वतःला समजावावे लागते की हा बोलणारा तो नाही, त्याची गाठ बोलते आहे.

औषधांची वेगळीच शिस्त. टेमोझोलोमाइड उपाशीपोटी, उलटीची गोळी आधी देऊन, अख्खी गिळायची. कॅप्सूल फोडायची नाही, घरात गरोदर बाई असेल तर तिने सांडलेल्या भुकटीला हात लावायचा नाही. शेकाच्या काळात दर आठवड्याला रक्त तपासायचे, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात. सूज उतरवायला डेक्सामेथासोन. हे औषध सुरू झाले की एक-दोन दिवसांत माणूस पुन्हा बोलायला-चालायला लागतो आणि घरात उजेड पडल्यासारखे वाटते. पण त्याच औषधाने साखर वाढते, मांड्यांतली ताकद जाते, रात्री दोन वाजता टक्क जाग येते, भूक आवरत नाही. बरे वाटले म्हणून ते एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करायचे असते. मांड्यांची ताकद गेली की संडासात बसलेला माणूस उठू शकत नाही. चाळीतल्या दोन बाय तीनच्या संडासात त्याला काखेत हात घालून उचलायचे कसे, हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसते.

आणि फीट. ती आली की आजूबाजूचे धावत येतात, कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो, कुणी दात उघडायला चमचा खुपसतो. यातले काहीही करायचे नाही. कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही सरकवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन लावायचा. ही चार वाक्ये आपल्या प्रत्येक कारखान्याच्या सूचनाफलकावर लागली तरी कुणाचा तरी जीव वाचेल.

ज्याला हे सगळे जमते, त्याचा रुग्ण अधिक जगतो का? अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांचीही पाहणी केली होती. ‘ही परिस्थिती मी हाताळू शकतो’ असा भरवसा ज्यांच्यात जास्त होता, त्यांचे रुग्ण सरासरीने अधिक काळ जगलेले दिसले. भरवशामुळेच आयुष्य वाढले, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण वेळेवर गोळी, वेळेवर रक्ततपासणी, सुजलेल्या एका पायाकडे वेळेत गेलेले लक्ष, यांतून काही फरक पडत असेल हे मानायला डॉक्टर असायची गरज नाही. या आजारात महिन्यांचा हिशेब असतो. किरणोपचाराला कॅप्सूलची जोड देणारी पद्धत रूढ झाली त्या 2005 च्या अभ्यासात निम्म्या रुग्णांचे आयुष्य 12.1 महिन्यांऐवजी 14.6 महिन्यांच्या पुढे गेले, आणि दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेले. मेंदूच्या सगळ्याच गाठी इतक्या वाईट नसतात; काहींत माणूस दहा-पंधरा वर्षे जगतो. ‘ब्रेन ट्यूमर’ एवढे ऐकून कुणी घरी हातपाय गाळून बसू नये, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल नीट समजून घ्यावा.

दुसरा एक अभ्यास आपल्यापुढे ठेवताना मन जड होते. 2009 मध्ये ‘कॅन्सर’ या वैद्यकीय नियतकालिकात तो आला. अमेरिकेतल्या 515 विवाहित रुग्णांची ही पाहणी, त्यांत मेंदूच्या कर्करोगाचे रुग्ण बरेच होते. नवरा आजारी असताना लग्न मोडण्याचे प्रमाण 2.9 टक्के निघाले. बायको आजारी असताना ते 20.8 टक्के होते. आपल्याकडे घटस्फोटाची पायरी क्वचित येते. आजारी बाईला माहेरी नेऊन सोडणे मात्र कुणालाच अनोळखी नाही. त्यात निष्ठुरपणा असतोच. पण दर वेळी तेवढेच असते असे नाही. ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर असलेल्या माणसाने चार खाडे केले की पाचव्या दिवशी गेटवर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. घरात दुसरे मोठे माणूस नाही, मुले शाळेत, आणि कामावर गेले नाही तर महिनाअखेरीला भाडे नाही. अशा वेळी ‘आईकडे बरी राहील’ हे वाक्य तोंडून निघते. बायका नवऱ्याला सांभाळायला स्वतःचे काम सोडतात आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. नवऱ्यांनी बायकोला सांभाळावे असे वाटत असेल तर त्यांना त्यासाठी दिवस मिळायला हवेत.

परळच्या ज्या रुग्णालयाकडे पालघरची इतकी माणसे जातात, त्याच्या मुळाशीही एक नवरा-बायको आहेत. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट उभा केला आणि जून 1932 मध्ये तेही गेले. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. 1969 मध्ये वीज देऊ लागलेले तारापूरचे अणुवीज केंद्रही त्याच विभागाच्या छत्राखाली वाढले. बोईसरचे आणि परळचे नाते म्हणूनच केवळ लोकलचे नाही. दोराबजी उद्योगपती होते. आपणही उद्योजक आहात, म्हणून हा दाखला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या भागात कुणाच्या डोक्यात गाठ निघाली की पहिला प्रश्न येतो: केंद्रामुळे, की केमिकल कंपनीमुळे? डोक्याला मोठ्या प्रमाणात मिळालेले किरण आणि काही दुर्मीळ आनुवंशिक दोष ही मेंदूच्या गाठींची सिद्ध झालेली कारणे आहेत. बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. तारापूरच्या हवा-पाण्याचा प्रश्न गंभीर आहे, तो वेगळ्या मंचावर लढला जातो आहे आणि लढला जायलाच हवा. हे पत्र कुणावर आजाराचा ठपका ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. आजार कशानेही होवो, सांभाळणाऱ्याला वेळ लागतोच.

कामगार राज्य विमा योजना, म्हणजे आपल्या बोलण्यातला ईएसआय, इथे महत्त्वाची आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. त्याला स्वतःला कर्करोग झाला आणि सेवेच्या अटी पूर्ण असल्या, तर पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ही तरतूद चांगली आहे आणि अनेक घरे तिने तारली आहेत. त्याच्या बायकोला कर्करोग झाला तर तिलाही उपचार मिळतात. पण तिला परळला घेऊन जाणाऱ्या त्या कामगाराला एका दिवसाचाही पगार त्या योजनेतून मिळत नाही. दोघांत सारखाच आजार, घर सारखेच विस्कटते, आणि नियम एकाच बाजूने उघडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, भविष्य निर्वाह निधीतून घरच्यांच्या आजारासाठीही आगाऊ पैसे काढता येतात. म्हणजे औषधाला पैसा थोडाफार निघतो. माणसाला वेळ देणारी योजना मात्र नाही.

जपानने हे केले आहे. तिथे घरच्या आजारी माणसासाठी प्रत्येक व्यक्तीमागे 93 दिवसांची रजा कायद्याने मिळते, ती तीन हप्त्यांत तोडून घेता येते आणि त्या काळात पगाराच्या 67 टक्के रक्कम रोजगार विमा देतो. मालकाच्या खिशाला थेट भुर्दंड नाही. ईएसआय महामंडळावर कामगारांप्रमाणेच मालकांचेही प्रतिनिधी असतात. शुश्रूषेसाठीचा भत्ता या योजनेत यावा असा ठराव तारापूरच्या कारखानदारांच्या संघटनेने केला, तर तो दिल्लीपर्यंत पोहोचवण्याची वाट आपल्यालाच उघडी आहे. कामगार संघटना त्याला विरोध करणार नाहीत हे उघड आहे.

दिल्लीचा निर्णय यायला वर्षे लागतील. तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या एका सहीने होण्याजोगे आहे. घरी कर्करोगाचा रुग्ण असलेल्या कामगाराला शेकाच्या सहा आठवड्यांत पाळी निवडू द्यावी. ज्याची बहीण किंवा सासू सकाळी परळला जाऊ शकते त्याला रात्री घरी असणे हवे. ज्याला स्वतः जावे लागते त्याला दुसरी पाळीही उपयोगाची नाही, त्याला सुट्ट्या जोडून हव्यात. सहकाऱ्यांना आपली शिल्लक रजा त्याच्या खात्यावर टाकू द्यावी. खात्यातली माणसे अशा वेळी हात आखडता घेत नाहीत, त्यांना फक्त तशी सोय नसते. वर्षातून निदान पंधरा दिवसांची जादा पगारी शुश्रूषा रजा द्यावी, म्हणजे सुरुवातीचा हिशेब जुळतो. एका कारखान्यात एका वर्षी असे कितीसे कामगार असणार? लहान कारखान्यांना हेही जड वाटत असेल तर संघटनेने सामाईक निधी करावा. आणि ठेकेदारांना एकच विनंती: त्या माणसाचे नाव यादीतून कापू नका. सहा आठवड्यांसाठी बदली घ्या, आणि तो परत आला की त्याचे काम त्याला द्या.

आणखी एक साधन आपल्या आवारातच आहे. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत व्यावसायिक आरोग्य केंद्र असावे लागते: परिचारिका, कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी, रुग्णवाहिका. अपघात झाला तरच तिथे गडबड, एरवी शांतता. आठवड्यातून एक सकाळ ते केंद्र कामगारांच्या घरच्या रुग्णांसाठी उघडे ठेवले तर दर आठवड्याची रक्ततपासणी, साखर, रक्तदाब यांसाठी थकलेल्या माणसाला फिरवावे लागणार नाही. अंथरुणातल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, घशात अडकू नये म्हणून पेज किती घट्ट द्यायची, नाकातली नळी कशी सांभाळायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, हे परिचारिका अर्ध्या तासात हाताने करून दाखवू शकते. आपण ज्याला आगीच्या वेळी काय करायचे याची कवायत दर काही महिन्यांनी देता, त्याच कामगाराला ही शिकवण द्यायला हरकत काय?

मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही, हे खरे. पण बोईसरपासून चिंचणी-वाणगावपर्यंत घरोघरी जाणारी परिचारिका आणि एक गाडी यांचा खर्च त्यात नक्की बसतो. दुखणे कमी करणारी, घरी येऊन पाहणारी सेवा या जिल्ह्याला नवी नाही. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने गंभीर आजारी मुलांसाठी असे काम पूर्वी उभे राहिले होते. डोंगरात जे जमले ते रेल्वे आणि हमरस्ता असलेल्या बोईसरमध्ये जमायला हवे. त्याच पैशात लोखंडी खाट, हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, सक्शन मशीन यांचे एक रुग्णसाहित्य केंद्र चालेल. गावोगावी मराठी माणसांनी अशी केंद्रे अनामत घेऊन, भाडे न घेता चालवली आहेत.

केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र देण्याचे जाहीर केले आहे. 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झालेला पालघर जिल्हा त्या यादीत लवकर यावा यासाठी जिल्हा प्रशासनाकडे उद्योजकांचा शब्दही पोहोचायला हवा. आपला शब्द तिथे ऐकला जातो.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत या पत्रातल्या तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात: शुश्रूषा रजा आणि तिचा सामाईक निधी, आरोग्य केंद्राची आठवड्याची एक सकाळ, आणि ईएसआयकडे पाठवायचा ठराव. तिन्ही एकदम जमत नसतील तर रजेपासून सुरुवात करावी. जो निर्णय होईल तो मराठी आणि हिंदीत, ठेकेदाराच्या कामगारांनाही वाचता येईल असा, गेटवर लावावा.

कळावे.

बोईसर, जि. पालघर